वस्तीतल्या लहान मुलांचा लठ्ठपणा रोखायचा तर काम कोणत्या क्रमाने करायचं?

बहुतेक सोसायट्यांत आणि मंडळांत हे काम एका रविवारच्या शिबिराने सुरू होतं आणि त्याच रविवारी संपतं. मांडव पडतो, वजनकाटा येतो, मुलं रांगेत उभी राहतात आणि संध्याकाळी 'जास्त वजन' असलेल्या मुलांची यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते. दुसऱ्या दिवशी त्या यादीतल्या पोराला खाली खेळताना नवं नाव चिकटलेलं असतं. आईवडील दुखावतात आणि पुढच्या वेळी त्या घराचं दार उघडत नाही. बालवाडीतला दर आठवड्याचा केक, गेटसमोरच्या दुकानातली पाकिटं आणि गाड्यांनी भरलेलं अंगण मात्र तसंच राहतं.

हा क्रमच उलटा आहे. आधी परिसर नीट बघायचा, त्यात सगळ्या मुलांसाठी दोन-तीन बदल करायचे, मग मोजमाप घ्यायचं आणि ते फक्त त्या त्या घराला सांगायचं. खालच्या पायऱ्या जन्मापासून साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. सोसायटीची समिती, महिला मंडळ, गणेश मंडळ, बालवाडी, कुणीही हे काम हातात घेऊ शकतं.

## पायरी १: हद्द, माणसं आणि नाव

हद्द लहान ठेवा. एक सोसायटी, दोन-तीन चाळी किंवा एका अंगणवाडीचं क्षेत्र पुरे. पहिल्याच वर्षी अख्खा वॉर्ड घेतला, तर पुन्हा मोजायची वेळ येते तेव्हा माणसं उरत नाहीत.

गटात पाच-सहा जण हवेत आणि त्यांत अंगणवाडी सेविका किंवा आशाताई हव्यातच. अंगणवाडीत मुलांची वजनं-उंची दर महिन्याला घेऊन 'पोषण ट्रॅकर' या सरकारी अ‍ॅपवर भरली जाते. त्याच मुलांना वेगळ्या काट्यावर चढवून वेगळे आकडे तयार करण्यात अर्थ नाही. सेविकेचं लक्ष साहजिकच सॅम-मॅमच्या, म्हणजे कुपोषित मुलांवर असतं. वाढीच्या त्याच तक्त्यावर वरच्या बाजूला गेलेल्या, म्हणजे जादा वजनाच्या मुलांकडे बघायला तिला तुमचा हात लागतो. शिवाय बालवाडीच्या बाई, पाळणाघर चालवणाऱ्या मावशी, एक तरी बाबा आणि एक तरी आजी घ्या. आजी घ्या हे मी आग्रहाने सांगते, कारण कितीतरी घरांत मुलाचं दुपारचं खाणं तिच्याच हातात असतं आणि तिला बाजूला ठेवून ठरवलेलं काहीही टिकत नाही.

नावात 'लठ्ठपणा' हा शब्द नको. 'मुलांची वाढ तपासणी' म्हणा, कारण ते खरंच तेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं देशातलं प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झालं. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी आणि १९.३ टक्के मुलं उंचीच्या मानाने कृश निघाली. एकाच जिन्यात वरच्या मजल्यावर एक प्रश्न असतो आणि खालच्या मजल्यावर दुसरा. काम सगळ्या मुलांसाठी असेल तरच दोन्ही घरं येतील.

पडताळणी: पुढे जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. नोंदवही कुणाकडे राहणार? शंका असलेलं मूल कोणत्या डॉक्टरांकडे किंवा आरोग्य केंद्रात पाठवणार? सहा महिन्यांनी पुन्हा मोजायला कोण येणार? एकाचंही उत्तर नसेल तर काटा आणू नका.

## पायरी २: आठवडाभर फक्त बघा

या आठवड्यात कुणालाही सल्ला द्यायचा नाही. वही घ्या आणि लिहा.

बालवाडी सुटायच्या वेळी गेटसमोरच्या दुकानात उभे राहा. चार वर्षांच्या मुलाच्या उंचीला वाकून बघा, म्हणजे दिसेल की पाकिटांच्या माळा नेमक्या त्याच्या हाताला लागतील अशा लोंबतात आणि फुटाणे, चिक्की, केळी मात्र मागे किंवा वर असतात. मूल रडलं की आई पाच-दहा रुपये काढते. इथे चूक त्या आईची नाही, मांडणीची आहे. ती बदलता येते.

बालवाडीच्या बाईंच्या परवानगीने पाच दिवस डबे बघा. नावं लिहू नका, फक्त पदार्थ लिहा: पोळी-भाजी किती, बिस्किटं किती, नूडल्स किती, केकचा तुकडा किती. महिन्यात वाढदिवस किती झाले आणि प्रत्येक वेळी काय वाटलं, हे विचारा. चाळीस मुलांच्या बालवाडीत वर्षाला चाळीस वाढदिवस येतात. म्हणजे सुट्ट्या वगळता जवळपास दर आठवड्याला केक, वेफर्स आणि हातात चॉकलेट.

पाळणाघरात टीव्ही किती वेळ चालू असतो? घास भरवताना मोबाइल समोर असतो का? संध्याकाळी साडेपाच ते सात मुलं कुठे असतात? खाली खेळायला जागा आहे, की 'येथे खेळू नये' अशी पाटी आहे? प्यायचं पाणी मुलांना स्वतःच्या हाताने घेता येतं का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण पाणी हाताशी नसलं की तहानेला सरबताची बाटली येते.

सावधान: या वहीत कोणत्याही मुलाचं किंवा घराचं नाव येऊ देऊ नका. परिसर तपासायचा आहे, शेजारी नव्हे.

## पायरी ३: मोजण्याआधी दोन-तीन बदल

पाहणीतून दहा गोष्टी निघतील, त्यांतल्या दोन किंवा तीनच घ्या. मी स्वतः वाढदिवस आणि खेळाची जागा यांपासून सुरुवात करेन, कारण दोन्ही एका बैठकीत ठरतात आणि सगळ्या मुलांना लागू होतात.

वाढदिवस. 'केक बंद' असा फतवा काढला की पालक विरोधात जातात. पर्याय आधी ठरवा. महिन्यातले सगळे वाढदिवस एकाच दिवशी, केक एकच आणि छोटा, सोबत फळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. परतभेट म्हणून खडू, चेंडू किंवा गोष्टीचं पुस्तक. औक्षण, गाणं, डोक्यावर टोपी हे सगळं राहू द्या. मुलाला कौतुक हवं असतं आणि ते यात पूर्ण मिळतं.

खेळाची जागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी आणि त्यातली किमान ६० मिनिटं दम लागेल अशी हवीत. ६० मिनिटं एकट्याने जिना चढून होत नाहीत, ती इतर मुलांबरोबर पळूनच होतात. सोसायटीच्या बैठकीत एकच ठराव मांडा: रोज दीड तास अमुक पट्ट्यात गाडी उभी करायची नाही. मोठ्यांपैकी दोघं आळीपाळीने खाली बसतील. लंगडी, विषामृत, डोंगर-पाणी, शिवणापाणी, लगोरी यांना खर्च नाही आणि चार वर्षांचं मूलही त्यात लिंबूटिंबू म्हणून खपतं. वेगळी 'फिटनेस बॅच' काढू नका. जाड मुलं त्यातून सगळ्यात आधी गळतात.

दुकान. दुकानदाराशी भांडण नको. त्याला गिऱ्हाईक हवंय. पाकिटांच्या माळा वर टांगा आणि खाली केळी, राजगिऱ्याचे लाडू ठेवा, एवढंच मागा, आणि आपल्या लोकांना तिथूनच ते घ्यायला सांगा. शाळेचा प्रश्न असेल तर नियम तुमच्या बाजूने आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जादा चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. हे मुख्याध्यापकांना लेखी द्या.

मंडळाकडून 'सुदृढ बालक स्पर्धा' होत असेल तर तिचा निकष याच वेळी बदलून घ्या. जिथे सगळ्यात वजनदार बाळाला पहिला नंबर मिळतो, तिथे आपणच स्टेजवरून चुकीचं सांगतो. लसीकरण पूर्ण आहे का, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध मिळालं का, वाढीच्या तक्त्यावरची रेषा छापील रेषांना समांतर चालली आहे का, दात किडलेले नाहीत ना, यांवर गुण द्या.

## पायरी ४: मोजमाप

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

साधनं. १०० ग्रॅमचाही फरक दाखवणारा डिजिटल काटा, फरशीवर ठेवलेला. सतरंजी किंवा गालिच्यावर तो चुकतो. पाच किलोची बंद तांदळाची पिशवी ठेवून आधी काटा तपासा आणि दर दहा-पंधरा मुलांनंतर पुन्हा तपासा. उंचीसाठी भिंतीला पक्की लावलेली पट्टी आणि डोक्यावर आडवी टेकवायला सपाट फळी. शिवणकामाची टेप ताणली जाते, ती नको.

वय. 'चार चालू आहे' हे वय नव्हे. माता-बाल संरक्षण कार्डावरून किंवा जन्मदाखल्यावरून जन्मतारीख घ्या आणि पूर्ण झालेली वर्षं-महिने काढा.

वजन. चपला, स्वेटर, जाड जीन्स, खिशातल्या गोट्या काढून. बाळाचा डायपर काढून. उभं न राहणाऱ्या बाळाला आईसकट तोला आणि आईचं वजन वजा करा.

उंची. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात, दोन वर्षांनंतर उंची उभं करून. उलट करावं लागलं तर दुरुस्ती करा: दोन वर्षांखालचं मूल उभं मोजलं तर ०.७ सेंमी मिळवा, मोठं मूल झोपवून मोजलं तर ०.७ सेंमी वजा करा. उभं करताना टाचा, कुल्ले, खांदे भिंतीला आणि नजर समोर. केसांच्या क्लिपा आणि वर बांधलेली वेणी सोडा. आकडा वाचताना तुमचे डोळे पट्टीच्या पातळीवर हवेत, उभ्याने वरून वाचू नका. दोनदा मोजा. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

उंचीचा एवढा आग्रह का, ते एका उदाहरणाने बघा. नुकताच सहा वर्षांचा झालेला मुलगा, वजन २३ किलो, उंची ११८ सेंमी. बीएमआय म्हणजे किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं: २३ ÷ (१.१८ × १.१८) = १६.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यांसाठी जादा वजनाची रेषा १६.८ ला आहे, म्हणजे हा ठीक. आता तो जरा वाकून उभा राहिला, गुडघे सैल सोडले आणि तुम्ही ११५ सेंमी लिहिलं, तर उत्तर १७.४ येतं. तीन सेंटिमीटरच्या चुकीने धडधाकट मुलगा जादा वजनाच्या गटात जाऊन बसला.

तक्ता कोणता? मोठ्यांचा २५ चा आकडा मुलांना लावणं ही सगळ्यात घातक चूक आहे. वरच्या उदाहरणातल्या वयाला लठ्ठपणाची रेषा १८.५ ला आहे. २५ ची वाट बघत बसलात तर एकही मूल दिसणार नाही.

- पाच वर्षांखाली: जागतिक आरोग्य संघटनेचा उंचीनुसार वजनाचा तक्ता, मुलगा-मुलगी वेगळा. +२ एसडीच्या वर जादा वजन, +३ एसडीच्या वर लठ्ठपणा. (एसडी म्हणजे मधल्या रेषेपासूनचं अंतर मोजायचं माप; या रेषा तक्त्यावर छापलेल्याच असतात.)
- पाच वर्षांनंतर: वयानुसार बीएमआयचा तक्ता. संघटनेच्या तक्त्यात +१ एसडीच्या वर जादा वजन, +२ एसडीच्या वर लठ्ठपणा. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात, त्यांच्या रेषा वेगळ्या आहेत.

पाच वर्षांनंतर कुठले तक्ते घ्यायचे ते डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि मग तेच कायम ठेवा. या वेळी एक आणि पुढच्या वेळी दुसरा घेतला, तर मूल बदललं की तक्ता, हेच कळणार नाही.

सावधान: मोजमाप आडोशाला घ्या. आकडा मोठ्याने सांगायचा नाही, लिहिणाऱ्याला दाखवायचा. रांग दाराबाहेर. फोटो नाहीत, मंडळाच्या अहवालासाठीही नाहीत.

## पायरी ५: घराशी बोलणं

चिठ्ठी बंद पाकिटात, सगळ्या घरांना सारख्याच रंगाची. ज्या मुलाच्या आकड्याकडे लक्ष द्यायला हवं, त्याच्या घरी आठवड्याभरात दोघांनी जायचं. मूल खाली खेळत असेल अशी वेळ निवडा. मुलासमोर त्याच्या वजनाबद्दल एक शब्दही काढायचा नाही, कौतुकानेसुद्धा नाही.

सुरुवात अशी करता येते: "ताई, चिनूची उंची छान वाढतेय. वजन मात्र उंचीच्या पुढे पळतंय. त्याला उपाशी ठेवायचं नाही, वजन उतरवायचंही नाही. आत्ता वजन जरा थोपवलं, तर उंची त्याला गाठेल." हे खरं आहे. दोन वर्षांनंतर मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, आणि म्हणूनच लहानपणी हे काम सोपं असतं.

आजी म्हणतील, "बाळसं आहे ते, चालायला लागलं की उतरेल." त्यांना खोडून काढू नका. तान्ह्या बाळाच्या अंगावरचं बाळसं चालायला लागल्यावर उतरतं, हा त्यांचा अनुभव खराच आहे. मागचे आणि आत्ताचे असे दोन आकडे तक्त्यावर दाखवा आणि म्हणा, "आजी, तिसऱ्या वर्षापर्यंत रेषा या छापील रेषांना समांतर व्हायला हवी होती. ही बघा, त्यांना ओलांडून वरच चालली आहे." कार्डावरची रेषा आजींना चांगली वाचता येते, त्यांनी मुलांची कार्डं सांभाळलेली असतात.

आईला एकटीला दोषी धरणारा सूर आला की बैठक तिथेच संपली समजा. बाबा घरी असतील तेव्हा जा. संध्याकाळी येताना खाऊचं पाकीट बहुधा तेच आणतात.

## पायरी ६: घरात काय बदलायचं

एका भेटीत एकच बदल सुचवा.

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. वरचं पाणी, गुटी, बिस्किट भिजवून काही नाही.

सहा महिने ते दोन वर्षं घरचं मऊ अन्न, सोबत आईचं दूध चालू. साखर नको. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनातही दोन वर्षांखाली वरून साखर घालू नये असंच आहे. बाटलीतून गोड दूध आणि चहात बुडवलेलं बिस्किट, या दोन सवयी इथेच लागतात. बाळाने तोंड फिरवलं की पोट भरलं. मोबाइल दाखवून भरवलेले पुढचे पाच घास त्याला पोटाचं ऐकू नकोस असं शिकवतात.

दोन वर्षांनंतर काय आणि केव्हा वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं हे मुलाने. तीन जेवणं-न्याहारी आणि मधे एक-दोन ठरलेले खाऊ, त्याखेरीज दिवसभर तोंड चालू नको. खाऊत केळं, उकडलेल्या शेंगा, मुगाचं धिरडं, छोटं थालीपीठ, चुरमुरे-फुटाणे. पाच वर्षांखाली शेंगदाणे-फुटाणे अख्खे देऊ नका, घशात अडकतात. कूट करा.

साखर दाखवायची असेल तर व्याख्यान नको, पाटावर बाटली आणि चमचा ठेवा. बाटलीवर 'प्रति १०० मिली साखर १२ ग्रॅम' असं लिहिलं असेल, तर २०० मिलीत २४ ग्रॅम झाली. सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम मावते. सगळ्यांसमोर सहा चमचे साखर वाटीत काढा. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,३५० कॅलरी लागतात. वरून घातलेली साखर त्याच्या १० टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे दिवसभरात ३४ ग्रॅमच्या आत, आणि त्याहून कमी तेवढी चांगली. एका बाटलीत त्यातली बहुतेक संपली. दुधात घालायच्या 'ताकदीच्या' पावडरींचे डबेही असेच उलटून वाचायला शिकवा.

स्क्रीन दोन वर्षांखाली शक्यतो नाहीच, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत. झोप तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. रात्री अकराला झोपून सकाळी सातला बालवाडीसाठी उठणारं मूल दिवसभर चिडचिडं आणि खा-खा करणारं असतं. झोपेचा हा मुद्दा घरोघरी ऐकून घेतला जातो, कारण त्यात खाण्यावरून कुणाला बोल लागत नाही.

सावधान: तूप-दूध पूर्ण बंद, एक वेळचं जेवण बंद, 'डाएट'चे तक्ते, वजन उतरवायच्या पावडरी, यांतलं काहीही लहान मुलाला स्वतःच्या मनाने सुरू करायचं नाही.

## पायरी ७: डॉक्टरांकडे कधी पाठवायचं

लठ्ठपणाच्या रेषेवर गेलेलं प्रत्येक मूल एकदा डॉक्टरांनी बघावं. पुढचं काही दिसलं तर थांबू नका: वजन जास्त पण उंची वयाच्या मानाने कमी, रोज घोरणं किंवा झोपेत श्वास अडखळणं, मानेवर किंवा काखेत धुऊन न जाणारी काळपट जाड त्वचा, कंबर-गुडघा दुखून लंगडणं, बोलण्या-चालण्यात मागे पडणं, अगदी लहानपणापासून न भागणारी भूक. यांतल्या काहींमागे हार्मोनचे किंवा आनुवंशिक आजार असू शकतात, तिथे केक कमी करून भागत नाही.

## पायरी ८: पुन्हा मोजा, पण परिसरही मोजा

पाच वर्षांखालच्या मुलांचे आकडे अंगणवाडीत महिन्याला मिळतातच. बाकीच्यांना सहा महिन्यांनी पुन्हा मोजा, शक्य तर त्याच काट्यावर आणि त्याच माणसाच्या हाताने. एका महिन्यात किलोभर इकडेतिकडे झालं म्हणून घराला कळवायला धावू नका, तीन नोंदींची दिशा बघा. किती मुलं 'बारीक झाली' हा हिशेब बैठकीत कुणी मागितला तरी देऊ नका. त्याऐवजी पायरी २ ची वही उघडा आणि तेच पाच दिवस, तेच दुकान, तेच डबे, तीच संध्याकाळ पुन्हा लिहा. डब्यांत पोळी-भाजी वाढली का? पाकिटांच्या माळा पुन्हा खाली आल्या का? मोकळ्या पट्ट्यात कोणाची गाडी उभी राहायला लागली? सुट्टीनंतर आणि दिवाळीनंतर हे सगळं हमखास सैल पडतं, म्हणून दुसरी पाहणी जून आणि डिसेंबरमध्ये ठेवा. जे सैल पडलं असेल तेच पुढच्या सहा महिन्यांचं काम. नवा बदल हातात घ्यायचा तो जुने दोन टिकल्यावरच.